सतरावा नियम

३ मार्च

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून आधीच कान धरतो, म्हणजे तुला एवढ्या लांबून हात पोचवायचे कष्ट नकोत. बातमी अशी, की मला नोकरी लागली, तीही विमा कचेरीत. आजारी कामगारांच्या घरी जायचं, दाखला आहे का, औषध चालू आहे का, माणूस खरंच अंथरूण धरून आहे का, हे बघून कागद भरायचा. हुद्दा तपासनिसाचा. लहानपणी तू मला चौकश्या म्हणायचीस. आता त्याच खोडीचा पगार मिळणार.

नोकरीच्या शिकवणीच्या वर्गात साहेबांनी ही विमा योजना कशी आली ते सांगितलं, तेव्हा मी पहिल्या बाकावर छाती फुगवून बसलो होतो. बॉयलर फुटून भाजलेल्या कामगाराचं कुटुंब उघड्यावर पडलं, त्यावर पहिलं पत्रक निघालं, जेवणाच्या सुट्टीत कारखान्यांच्या फाटकांवर सह्या गोळा झाल्या आणि सहा वर्षांनी कायदा झाला. छापखान्यात त्या पत्रकाचे खिळे आमच्या आतोबांनी जुळवले आणि सह्यांसाठी चपलाही झिजवल्या, हे मी भर वर्गात सांगून टाकलं. कामगाराने आठवड्याला थोडं द्यायचं, मालकाने थोडं, सरकारने थोडं, आणि जो पडेल त्याला सगळ्यांनी उचलायचं. साहेब म्हणाले, की हे दान नाही, पाळी आहे. आज त्याची, उद्या तुझी.

आतोबांच्या मनगटाला उतार आहे ना? छापखान्यातलं शिसं अंगात भिनायला तीस वर्षं लागली, निघायलाही वेळ लागेल. आजारभत्ता चालू आहे तोवर त्यांना खुशाल लोळू दे.

तुझ्या मायेचा आणि धपाट्यांचा हक्कदार,
चौकश्या


९ मार्च

चि. चौकश्यास, अनेक आशीर्वाद.

पत्र ह्यांना दोनदा वाचून दाखवलं. वर्गात नाव निघालं म्हटल्यावर गालातल्या गालात हसले, आणि मग म्हणाले, की पत्रकात एक काना राहिला होता, तेही सांगायला हवं होतं. खिळे जुळवणाऱ्याशी संसार म्हणजे असं. भाजीवाल्याच्या पाटीवरची चूक दिसली तरी ह्यांना भाजी गोड लागत नाही.

डॉक्टरांनी बजावलंय, की सहा महिने शिशाच्या खिळ्यांना कुठलाच हात लावला नाही तर मनगट परत येईल, लावला तर कायमचं जाईल. चौथा महिना चालू आहे. मूठ वळत नाही, सदऱ्याची बटणं मीच लावते. जेवण झालं की बागेत फिरायला जातात. बाग ती केवढी, दोन बाकं आणि एक नळ! पण ह्यांना चार तास पुरते.

एक विचारायचं होतं. शेजारणीचा दीर आजारी आहे आणि पथ्य पाळत नाही. घरच्या कुणी तुमच्या कचेरीला कळवलं, तर कुणी मोठा माणूस येऊन समजावतो का? आणि कुणी कळवलं ते बाहेर फुटतं का? सवडीने लिही.

जेवणाची आबाळ करू नकोस. पगाराचा पहिला सदरा स्वतःला घे, मित्रांना नव्हे.

तुझी माया करणारी,
आत्या


१२ मार्च

ती. सौ. आत्यास, सा. न. वि. वि.

शेजारणीला सांग, की बेलाशक कळवा. आमच्यातला कुणीतरी जातो, घरच्या वडीलधाऱ्यासारखा बसतो, चार गोष्टी समजावतो. कळवणाऱ्याचं नाव आम्हा तपासनिसांनासुद्धा दाखवत नाहीत. सगळी गल्ली सुधारायचं कंत्राट तू घेतलेलं दिसतंय! घाईत आहे, रागावू नकोस.

चौकश्या


२६ मार्च

ती. सौ. आत्यास, सा. न. वि. वि.

अक्षर वाईट आहे, लावून घे.

काल मी तुमच्या गावात होतो आणि घरी आलो नाही. तिथला तपासनीस रजेवर, म्हणून मला पाठवलं. कचेरीने दिलेल्या चिठ्ठीवर कामगाराचं नाव नव्हतं. फक्त विमा क्रमांक, छापखान्याचा पत्ता, आणि दुपारी बारानंतर मागच्या दाराने जावं, एवढंच. मी गेलो. आत कागदाचे गठ्ठे, शाईचा वास, खिळ्यांच्या तिरप्या पेट्या. खिडकीजवळच्या पेटीपुढे एक माणूस पाठमोरा उभा होता. उजवं मनगट फडक्याने लाकडी पट्टीला बांधलेलं, आणि डाव्या हाताने तो एकेक खिळा उचलत होता. मी विमा क्रमांक मोठ्याने वाचला. माणूस वळला. आत्या, ते आतोबा होते.

ते शांतपणे म्हणाले, की उंच झालास. मग त्यांनी सांगितलं, की योजनेचे अर्ज ह्याच छापखान्यात छापतात, आणि नव्या माणसाने विधवांच्या अर्जातला मुलांच्या नावांचा रकानाच गाळला होता. नऊ बायकांचे अर्ज कचेरीने परत पाठवले. ते कळल्यापासून त्यांना घरी बसवेना. मालक म्हणाले, की मी पैसे देत नाही, उलट हाकलतो, पण हे मागच्या दाराने येतात.

मला परत फिरावंसं वाटलं. कुणी सापडलं नाही असं लिहायला किती वेळ लागतो! पण मी कागद खाली ठेवला तर आतोबांनीच तो डाव्या हाताने उचलून माझ्या हातात दिला. सतरावा नियम, म्हणाले: भत्ता घेणारा कामावर सापडला तर भत्ता थांबवावा. मीच जुळवलाय तो, वाचून दाखवू नकोस, लिही. मी लिहिलं. डोळ्यांना धार लागली होती, तरी लिहिलं.

कोण हा घरभेदी, ज्याने बाराची वेळसुद्धा कळवली? तो सापडला तर मी त्याला सोडणार नाही. आणि तुझ्यासमोर यायचं तोंड मला उरलं नाही.

अपराधी,
चौकश्या


६ एप्रिल

चि. चौकश्यास, आशीर्वाद.

भत्ता थांबल्याचा कागद आला. वर लिहिलंय, की सुनावणीत लबाडी ठरली तर नाव कायमचं काढून टाकू. मी तो कागद हातात धरून किती वेळ जिन्यात उभी होते ते मला कळलं नाही. ज्याने ह्या योजनेसाठी फाटकं पालथी घातली, त्याला लबाड म्हणणार!

तुझ्या घरभेद्याला सोडू नकोस. ती मी आहे.

शेजारणीला दीर नाही रे. बागेत फिरून कुणाची नखं काळी होतात का? मी एकदा मागोमाग गेले आणि मागचं दार पाहून आले. चाळीसदा सांगून पाहिलं असेल. मान डोलवतात आणि चपला शोधतात. पालथ्या घड्यावर पाणी. तुला सरळ लिहिणार होते, पण तुझं ह्यांनी ऐकलं असतं का? त्यांच्या लेखी तू अजून अर्ध्या चड्डीतला. तू लिहिलंस, वडीलधाऱ्यासारखं कुणीतरी येतं. मला वाटलं, मोठे साहेब येतील, चार शब्द सुनावतील, ह्यांना घरी आणून सोडतील. मीच चिठ्ठी टाकली. करायला गेले एक अन् झालं भलतंच. आणि आले कोण, तर तू!

हे रोज त्या चिठ्ठी टाकणाऱ्याला शिव्या देतात. मी ऐकते. आता मी काय करू, तूच सांग.

आत्या


९ एप्रिल

ती. सौ. आत्यास, सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून तोंडात मारल्यासारखं झालं. दोष माझा आहे. समजूत घालतात ते मी लिहिलं, भत्ता थांबवतात ते लिहिलं नाही. नव्या नोकरीच्या तोऱ्यात चांगलं तेवढंच सांगितलं.

आता नीट वाच. सुनावणीला तीन माणसं बसतात, आणि त्यांना ठरवायचं असतं, की माणसाने लबाडी केली की हट्ट. परक्याने पकडून दिलं असेल तर ती चोरी दिसते. घरच्याच माणसाने काळजीपोटी बोलावलं असेल, आणि घरात मजुरी आली नसेल, तर तो आजारी माणसाचा अडेलपणा दिसतो. हे तुझ्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. पण तिथे सांगितलंस की आतोबांना कळणार. तू गप्प राहिलीस तर कचेरी तुझं नाव कधीच फोडणार नाही, तो तुझा हक्क आहे. मी नात्यातला, म्हणून मला त्या दिवशी आत येऊ देणार नाहीत.

काय कर, हे सांगायची माझी छाती नाही.

चौकश्या


४ मे

चि. चौकश्यास, आशीर्वाद.

डावा हात लिहिण्यात नवशिका आहे, तेव्हा थोडक्यात.

शनिवारी सुनावणी झाली. टेबलामागे तिघं, एक डॉक्टर, एक मालकांच्या बाजूचा, एक कामगारांच्या. हा तिसरा माझ्याबरोबर सह्या गोळा करत फिरलेला. तो माझ्याकडे बघेना. खाली मान घालून त्याने विचारलं, की दोन्हीकडून खायची वेळ तुमच्यावर का आली. मी पैसा घेतला नव्हता.

तेवढ्यात मागच्या बाकावरून तुझी आत्या उठली. म्हणाली, की चिठ्ठी तिने टाकली, नवरा हातातून जातोय म्हणून टाकली, आणि ह्या माणसाने छापखान्यातून काळ्या नखांशिवाय घरी काही आणलं नाही.

महिनाभर मी त्या चिठ्ठी टाकणाऱ्याचा उद्धार करत होतो. सकाळी अंघोळ झाली की सुरू व्हायचो, ते सदऱ्याची बटणं लावून होईपर्यंत. बटणं तीच लावत होती. एक शब्द बोलली नाही, एक बटण चुकलं नाही.

नाव राहिलं, भत्ता पुन्हा सुरू झाला. थांबलेले आठवडे मिळणार नाहीत, ते बरोबरच आहे. मग डॉक्टरांनी मनगट पाहिलं आणि मूठ शेवटची कधी वळली ते विचारलं. मला सांगता येईना. तिने सांगितलं, अकरा फेब्रुवारी, त्या दिवशी ह्यांनी वाटी आपल्या हाताने उचलली. खरं होतं. हात येतोय असं वाटलं, म्हणून तर मी दुसऱ्या दिवसापासून छापखान्यात जायला लागलो. डॉक्टर म्हणाले, ही मूठ आता वळायची नाही.

पडलेल्या माणसाची विचारपूस करणारं कुणीतरी हवं, हे मी सभांमधून घसा कोरडा करून सांगत आलो. माझ्या घरात ती विचारपूस रोज चालली होती. मला ती ऐकू यायला कचेरीचा माणूस लागला.

हात मी घालवला. तिने नाही, तूही नाही. तू कागद भरलास ते योग्य केलंस. हे सगळं तिला तोंडाने सांगायला गेलो की जीभ टाळ्याला चिकटते, म्हणून तुला लिहितोय. पत्र टाकायला तीच जाणार आहे. पाकीट मी चिकटवलेलं नाही.

माझ्यावरचा लोभ थोडा कमी झाला तरी चालेल, तिच्यावरचा वाढव.

आतोबा

ता. क. वाचलं रे. आता चिकटवते.
आत्या