तिसरं भिंग

रत्नागिरी,
पौष, शके १८५५

प्रिय गोपू,

तुला आणि मालनला अनेक आशीर्वाद. आप्पांची दुर्बीण सगळ्या सरंजामासकट बोटीने पाठवून दे, असं तू लिहिलंस. काल पेटी उघडली. नळीचं पितळ हिरवं पडलंय, तिपाईचा एक पाय वाळवीने खाल्लाय. डोळ्याला लावायच्या तीन भिंगांपैकी दोनच आता पेटीत आहेत, तिसऱ्याचं पुढे सांगते. पुढच्या मोठ्या भिंगावर तर अशी बुरशी चढली आहे की समईसमोर धरलं तर ज्योतच दिसेना. दर पावसाळ्यात आप्पा भाजलेल्या तांदळाच्या पुरचुंड्या पेटीच्या कोपऱ्यांत ठेवायचे, आणि आई म्हणायची, माणसांना पेज आणि नळकांड्याला भाजके तांदूळ! श्रावण सरला की त्या पुरचुंड्या बदलायच्या असतात. यंदा भाद्रपदात आप्पाच गेले, मग तांदूळ कोण भाजणार? तेव्हा पाठवण्यासारखं काही उरलेलं नाही.

खरं सांगायचं तर पेटी मी तुझ्यासाठी उघडलीच नव्हती. आईसाठी उघडली. आईनं अन्न टाकलंय, गोपू. दिवाळीपर्यंत एक वेळ जेवत होती, आता दोन घोट पेज, तीही मी आरडाओरडा केला तर. वैद्य म्हणतात रोग काही नाही. तू गेल्यावर तिनं न्हाव्याला बोलावून केस काढून घेतले. माझ्या वेळी आप्पा दारात आडवे उभे राहिले होते. तिच्या वेळी मी राहिले, तर मला ढकलून ती न्हाव्यासमोर जाऊन बसली. तुला हे कळवायचं नाही अशी शपथ घातली होती तिनं. ती मी आज मोडते आहे.

याची सुरुवात वैशाखात, तुझ्या लग्नात झाली. संध्याकाळी भटजींनी तुम्हां दोघांना अंगणात उभं करून अरुंधती दाखवली. तू मान वर करून लगेच दिसली, दिसली म्हणालास. तुझं सगळं लक्ष मालनकडे होतं, तुला तेव्हा चंद्रही दिसला नसता. तुमच्या मागे आई उभी होती. तिनंही वर पाहिलं. तिला वसिष्ठ दिसला, पण त्याच्या शेजारची ती बारीक अरुंधती काही दिसेना. डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय, दुसरं काय! पण अरुंधती दिसेनाशी झाली की माणूस सहा महिन्यांत जातं, हे तिचं माहेरहून आणलेलं शास्त्र. रात्री ती पाटल्या काढून मालनसाठी फडक्यात बांधत बसली तेव्हा आम्हाला कळलं. मी चिडून म्हटलं, मला माझ्या लग्नात अरुंधती लख्ख दिसली होती, आणि वर्षाच्या आत कपाळ पांढरं झालं, तेव्हा कुठे गेलं होतं तुझं शास्त्र? तर म्हणते, "अगो, दिसली म्हणून तू तरी राहिलीस हो."

आप्पा मात्र हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी, तुम्ही दोघं गणपतीपुळ्याला दर्शनाला गेला होतात तेव्हा, रात्रीची जेवणं झाल्यावर त्यांनी अंगणात दुर्बीण लावली. पाहुणे होते म्हणून त्या उकाड्यातही अंगात लग्नातला काळा कोट होता. आईला स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, बघ. तिनं डोळा लावला. दोन ठिपके, एकमेकांना अगदी खेटून. "दिसली हो!" म्हणून ती रडली, आणि माझ्यादेखत त्यांचा हात धरला. असं मी कधी पाहिलं नव्हतं.

तिला काय दिसलं ते तुला सांगायला नको, तू आप्पांकडेच शिकलास. जोरदार भिंग लावलं की एका वसिष्ठाचेच दोन दिसतात, आणि अरुंधती लांब राहते, नळीच्या तोंडात मावतच नाही. ती पाहायची तर साधं भिंग लागतं. ते साधं भिंग आप्पांच्या मुठीत होतं. मी पाहतेय हे त्यांना कळलं. आवरताना म्हणाले, "तिला झोप लागू दे गो."

आणि लागली की झोप. पाटल्या परत हातात आल्या, लोणची पडली, कोकमं वाळली. मग भाद्रपदात आप्पांच्या छातीत कळ आली आणि डॉक्टर फाटकाशी येईपर्यंत सगळं आटोपलं. बोटी बंद, तू आंबा घाटातून धडपडत दहाव्याला पोचलास. तू परत गेल्यावर आई मला म्हणाली की मरण तिचं होतं. तिनं यंत्र लावून ते चुकवलं, आणि दारात आलेला यम रिकाम्या हाती जात नाही, म्हणून तो आप्पांना घेऊन गेला.

मला वाटलं, खरं सांगितलं की सुटेल बिचारी. दिवाळी झाल्यावर सांगितलं सगळं. तू पाहिलीस ती अरुंधती नव्हेच, तू काही चुकवलं नाहीस, तुझ्या शास्त्रानं तू एव्हाना जायला हवी होतीस आणि इथे बसून माझ्याशी भांडते आहेस! ती ताठ बसली. "म्हणजे त्यांनी मला खोटं दाखवलं?" मी म्हटलं, तुझ्या भल्यासाठी. "त्यांनी उभ्या जन्मात खोटं केलं नाही. खोटी तू." तेव्हापासून तिनं जेवण सोडलं. गोपू, नवऱ्याला खाल्लं हे तिला सोसवतं, पण नवऱ्यानं फसवलं हे सोसवत नाही. साधं भिंग लावून तिला खरी अरुंधती दाखवावी म्हणून मी ती पेटी उघडली, तर आत ती बुरशी. मला फार भीती वाटते रे.

म्हणून आता दुर्बीण मागू नकोस, तू ये. येऊन तिला एवढंच सांग की आप्पा भिंग बदलायला विसरले. फसवलं नाही, विसरले. शाळेत छत्र्या विसरणारा, बाजारातून दुसऱ्याच्या वहाणा घालून येणारा माणूस! त्यांच्या विसरभोळेपणावर ती चाळीस वर्षं करवादली आहे, तेवढ्यावर तिचा विश्वास पक्का आहे. माझ्या तोंडून आता ती काही ऐकायची नाही. तो काळा कोट तिनं कुणाला दिला नाही, माजघरात खुंटीवर आहे, दुर्बिणीच्या त्या रात्रीनंतर तो कुणी घातलेला नाही. तिसरं भिंग, तेच साधं, मी काल पेटीतून काढून त्याच्या खिशात ठेवलं आहे. तू आल्यावर आप्पांची आठवण म्हणून तो कोट अंगात घाल, तिच्याजवळ बस, आणि खिशात हात घाल. मालनलाही यातलं काही सांगू नकोस. मिळेल त्या बोटीने नीघ, पेज आता मी चमच्यानं घालते आहे.

वाट पाहणारी तुझीच,
अक्का