दाराशी लावलेलं चित्र

एडमंटन,
१२ नोव्हेंबर २०१७

चि. गौरांगी,
अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. ओजसचा खोकला गेला असेल. इथे बर्फ लवकर पडलं. ह्यांना फावडं घेऊन बर्फ शोव्हल करू नका म्हटलं की हमखास करतात आणि मग दोन दिवस कंबर धरून बसतात. शौनक कॅलगरीतच आहे.

आमच्या दारापाशी, बुटांच्या कपाटावर, ते मोठं डच चित्र आहे ना, गराज सेलमधून आणलेलं? वर आभाळच आभाळ, मोठाली झाडं, ओली वाट. खाली अंगठ्याएवढी माणसं. दारात म्हातारा, समोर पोराचा हात धरलेली बाई, तिच्याजवळ भाकरी आणि पाण्याचा बुधला. खिडकीत दुसरी एक बाई. मला वाटायचं, लेकीला शिदोरी देऊन निरोप देतायत. म्हणून तर दाराशी लावलं. तीस वर्षं जो कुणी प्रवासाला निघाला, त्याच्या हातावर मी त्याच चित्राखाली दही घातलं.

मागच्या आठवड्यात शेजारच्या हेन्द्रिकाबाई कॉफीला आल्या. त्या मूळच्या हॉलंडच्या. बूट काढता काढता म्हणाल्या, "सुनंदा, धिस वन, बाय द डोअर? ही इज थ्रोइंग देम आउट." बायबलातली, हाकलून देण्याची गोष्ट निघाली ती. ती बाई घरातली दासी, पोरगा त्या म्हाताऱ्याचाच. आणि दोघांना घालवा म्हणणारी त्याची बायको, ती खिडकीतली. पुढे वाळवंटात बुधल्यातलं पाणी संपतं. चित्रकारानं आपल्या गावचं पावसाळी आभाळ रंगवलंय, मला बापडीला वाळवंट कुठून दिसणार?

हसून सोडून दिलं असतं. पण त्या गेल्यावर चष्मा लावून चित्रासमोर बसले. खिडकीतली बाई हात हलवत नाहीये गं. नुसती बघतेय.

गौरांगी, "शौनकचं म्हणणं आहे, तू बेसमेंट रिकामं कर," असं मी तुला सांगितलं होतं. तो तसं म्हणाला नव्हता. ते माझं म्हणणं होतं. तुझी नि शौनकची खालची रोजची भांडणं मला ऐकवेनात, आणि तू गेलीस की घर शांत होईल असं वाटलं. फेब्रुवारीची थंडी, पाच वर्षांचं पोर. त्याच्या बॅगेत मी दशम्या भरल्या. तुझ्या हातावर दही घातलं. तू "जाते" म्हणालीस, तर "जाते म्हणू नये, येते म्हणावं" असं वर शिकवलं. टॅक्सी वळेपर्यंत खिडकीत उभी होते. पुढे सगळ्यांना सांगत राहिले, सुनेला रीतीनं पाठवलं. मला लाज वाटते.

शौनकलाही काल फोनवर हे सांगितलं.

मार्चमध्ये तुमच्या सरेला यायचं म्हणते, एकटीच. उतरेन माझ्या मैत्रिणीकडे, वनिताकडे. ओजसला बघायचंय, पण आधी तुझ्यासमोर उभं राहायचंय. घरात घ्यायचं की दारातून परत पाठवायचं, ते तू ठरव. मी रुसणार नाही.

चित्र काढू का, असं ह्यांनी विचारलं. मी राहू द्या म्हटलं.

येऊ का?

ओजसच्या बर्थडे कार्डावर तुझ्यासाठी दोन ओळी लिहून खाली 'तुझी आई' लिहायचे. आज नुसतं नाव लिहिते.

सुनंदा