आईच्या गाडीचा तापाचा काटा

आई, काल तुझ्या जुन्या गाडीतला तापाचा काटा मी माझ्या नव्या गाडीत बसवून घेतला. तुझी गाडी भंगारात गेली तेव्हा तेवढा काढून ठेवला होता. नंदनवन वस्तीतला गाडीचा मिस्त्री आधी हसलाच. म्हणे, ‘म्याडम, आताच्या गाडीले हे कायले पाहिजे? गरम झाली का लाल दिवा लागते ना.’ मी तुझंच वाक्य त्याच्या तोंडावर फेकलं, ‘लाल दिवा लागेपर्यंत पेशंट गेलेला असते गा!’ कोणता पेशंट, हे त्या बिचाऱ्याने विचारलं नाही. त्याने रेडिएटरच्या पाइपात जोड टाकला आणि काटा लावून दिला.

तू धंतोलीच्या दवाखान्यात सिस्टर. कपाळाला हात लावून ताप सांगणाऱ्या माणसांचा तुला मनस्वी राग. आपल्या गाडीचं इंजिन एकदा जळालं, कारण त्या लाल दिव्याचा बल्बच उडालेला होता. तेव्हापासून दिव्यावरचा तुझा विश्वास जो उडाला तो उडालाच. डॅशबोर्डवरच्या गणपतीला कोपऱ्यात सरकवून तू तीन गोल मीटर बसवलेस. पाणी किती तापलं, ऑइलचं प्रेशर किती, बॅटरीत किती दम आहे. तू त्यांना ताप, बीपी आणि शुगर म्हणायचीस. सकाळी गाडी चालू करून तू अंगणातून ओरडायचीस, ‘ताप नाही, बीपी चांगलं आहे, शुगर थोडी उतरली वं!’ शेजारच्या काकू दर आठवड्याला विचारायच्या, घरात कोण आजारी आहे म्हणून. पण त्या उतरलेल्या शुगरमुळेच बॅटरी चार्ज करणारा पट्टा ढिला झाल्याचं वेळेवर सापडलं, हे कबूल करावं लागेल.

ताप चढला की मात्र तुझा इलाज भयंकर असायचा. गाडीचा हीटर लावायचा, म्हणजे इंजिनची गरमी आत येते आणि इंजिन वाचते. इंजिन वाचायचं गं, पण आतल्या माणसांचं काय? नागपूरच्या मे महिन्यात?

आणि माझं लग्नही मे महिन्यातच. गाडी सजवणाऱ्याला तू समोरच्या जाळीवर एक फूल लावू दिलं नाहीस. ‘इंजिनले श्वास घेऊ दे ना गा!’ मागच्या काचेला एक हार, झालं. मी रडकुंडीला आले होते. भर दुपारी आपण निघतो, सिग्नलला काटा चढतो, तू एसी बंद करतेस आणि हीटर लावतेस. अंगावर शालू, पायांवर भट्टीची हवा. मी किंचाळते, ‘आई, मेकअप उतरून राहिला माझा!’ तू रस्त्यावरची नजर न हलवता म्हणतेस, ‘उतरू दे. गाडी बसली त मुहूर्त जाते.’ मी त्याच क्षणी ठरवलं, सासरी गेल्यावर हिच्याशी महिनाभर बोलायचं नाही.

धरमपेठेत वळलो तर रस्त्याच्या कडेला नवरदेवाची नवीकोरी गाडी उभी. जाळी झेंडूने गच्च झाकलेली, आणि झेंडूतून वाफ. त्यांचा ड्रायव्हर सांगून राहिला, ‘दिवा आत्ताच लागला हो!’ तू काच खाली केलीस. ‘बसा जावईबापू, मुहूर्त जवळ आला.’ ते माझ्या बाजूला बसले आणि हळूच म्हणाले, ‘थोडा एसी...’ तू म्हणालीस, ‘ताप आहे ना.’ त्यांना वाटलं, घरातल्या कोणाबद्दल बोलतेस, म्हणून त्यांनी काळजीने विचारपूस केली! अंतरपाट धरायच्या आधीच आम्ही एकमेकांना घामाने निथळताना पाहून घेतलं. मुहूर्त मिळाला. मंडपात बायका म्हणाल्या, ‘पोरगी किती रडते वं!’ मग ह्यांच्याकडे पाहून, ‘अगंबाई, नवरदेवही रडून राहिला!’

काल मिस्त्रीकडून परत येताना हे शेजारी बसले होते. सिग्नलला थांबलो. ऊन मी म्हणत होतं. मी एसी बंद केला आणि हीटर लावला. ह्यांनी दचकून विचारलं, ‘ताप आला का?’ मी म्हटलं, ‘हो.’ ह्यांनी काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि खिशातून रुमाल काढला. घरी येईपर्यंत आम्ही दोघंही घाम पुसत होतो.

तू गेल्यावर हे पत्र टाकायचं कुठल्या पत्त्यावर, ते तूच सांग. तूर्तास गाडीच्या खणात ठेवते. काटा मधोमधच होता, आई. ताप वगैरे काही नव्हता, मला फक्त तुझी फार आठवण आली होती.