हरणांच्या दाराची किल्ली

बाओदिंग,
आठवा महिना, तिथी २४

चि. योंगशौ यास सूयुनताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

शिडीपथकात बढती मिळाली म्हणे! बोरीवर चढून उतरता येईना म्हणून भोकाड पसरणारा तू, आता तट चढतोस! ह्यांना सांगितलं तर हसू आवरेना.

नवव्या महिन्याच्या नवमीला, उंचावर चढायच्या सणाला, तुमच्या डोंगरावर येणार होते. बादशहांची ती बाग जन्मात एकदा आतून बघायची होती. हरणांच्या दारातून घटकाभर आत सोडतो, असं बाबा म्हणाले होते. पण परदेशी फौज राजधानीला भिडलीय, वाटा बंद आहेत. राहिलंच ते.

घोर लागलाय तो बाबांचा. चाळीस वर्षं बागेतली हरणं राखली, आपल्यापेक्षा त्यांचाच लळा जास्त. हुकमाशिवाय दार उघडलं तर मान उडते, हे त्यांना ठाऊक आहे. पण हरणांवर बेतलं तर ते कुणाचं ऐकायचे नाहीत. तू तिथं आहेस. बाबांच्या केसाला धक्का लागला तर मला तोंड दाखवू नकोस, सांगून ठेवते.

चिडलास तरी ताईवरची माया पातळ करू नकोस.

सूयुन


शियांगशान,
नवव्या महिन्याची नवमी

ती. सौ. ताईस शि. सा. न. वि. वि.

बाग राहिली नाही, ताई. तीन दिवसांपूर्वी फौज डोंगर चढून आली. देवळं, महाल, सगळं वरपासून खालपर्यंत पेटवत गेली. हरणं तटाला धडका देत होती आणि शिपाई हसत हसत त्यांना गोळ्या घालत होते. एका हरिणीचं पोट फाटलं, तरी ती पळतच राहिली. बाबांनी ते पाहिलं आणि कमरेची किल्ली काढली. मी हात धरला तर माझ्या थोबाडीत मारली. दार उघडलं, साठेक हरणं निसटली.

त्याच दारानं आसपासचे लुटारू घुसले. एकानं बाबांच्या गळ्यावर कोयता धरला. मी शिडीचा लोखंडी आकडा त्याच्या मानेत घातला. रक्त बाबांच्या तोंडावर उडालं. ताई, मी माणूस मारला गं.

बाबांना खरचटलंही नाही. पण आता वरून अंमलदार आलेत. दार आतून कुणी उघडलं, याची चौकशी चाललीय. ह्यांना फौज अडवता आली नाही, म्हणून आता कुणाची तरी मान हवीय. तू काळजी करू नकोस. तुझं सांगणं लक्षात आहे, पत्रही बाहीतच आहे.

रागावलीस तर थोडंच रागाव.

तुझा योंगशौ


शियांगशान,
नववा महिना, तिथी २६

चि. सौ. सूयुन हिस बाबांचे आशीर्वाद.

मला लिहिता येत नाही. चहाच्या दुकानातला लेखनिक लिहून देतोय.

योंगशौ गेला. चौकशीला मला उभं केलं होतं. मी काही बोलायच्या आत तो पुढे झाला. म्हणाला, किल्ली मी हिसकावली, दार मी उघडलं. हा खोटं बोलतोय, दार मी उघडलं, असं मी बोंबललो. अंमलदार म्हणाला, म्हातारा पोराला वाचवतोय. दोघांनी मला जमिनीवर दाबून धरलं. एका घावात झालं नाही, पोरी.

त्याच्या बाहीत तुझं पत्र निघालं. रक्तानं चिकटलं होतं, वाफेवर सोडवून वाचून घेतलं. तुझ्यावर राग नाही. त्यानं माझं कधी ऐकलं नाही, तुझंच ऐकलं.

हरणं रोज सकाळी गावात येतात, लोकांच्या परसातला कोबी खातात. लोक दगड मारतात. परवा मीही मारला.

बाग बघायची होती ना तुला? ये. आता कुणी अडवत नाही. फक्त पूर्वेच्या दारानं येऊ नकोस. तिथं पिंजऱ्यात त्याचं मुंडकं टांगलंय. तोंड तुझ्या वाटेकडे आहे.

जमेल तेवढा लोभ ठेव.

बाबा