रेवाला घेऊन चौदा तास

रामवाडी, पेण
१२ मार्च

प्रिय पूजा,

फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस. "आई, आधी माझं ऐक" म्हणतेस, मी ऐकत बसते, आणि तेवढ्यात तुझ्या ड्यूटीची वेळ होते. रविवारी तर चिडून फोनच ठेवलास. म्हणून आज साहिलची जुनी वही घेऊन बसले आहे. तो कंपनीत फर्स्ट शिफ्टला गेलाय आणि तुझी रेवा तिच्या आबांबरोबर गणपतीच्या कारखान्यात. लिहून झालं की साहिल पानांचे फोटो काढून तुला पाठवील. कागदावर तुला मला मधेच तोडता येणार नाही.

आधी मला नोव्हेंबरातल्या विमानाचं सांगायचंय. साहिलने सांगितलं तेवढंच तुला माहीत आहे: आई मुंबईला उतरली, चक्कर येऊन बसली आणि व्हीलचेअरवरून बाहेर आणावी लागली. ते खरंच आहे. पण तो शेवटचा अर्धा तास झाला. त्याआधी काय झालं ते मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आता सांगते. त्या अर्ध्या तासाच्या जोरावर तुम्ही सगळे माझ्याबद्दल वाटेल ते ठरवायला लागलात, ते मला चालणार नाही.

तुझी ड्यूटी आणि परीक्षेचा अभ्यास, म्हणून रेवाला काही महिने इकडे आणायचं ठरलं, आणि तिकडून निघताना तुम्ही सगळ्यांनी मला किती घाबरवलं होतं. सुशीलराव म्हणाले, आई, तुम्हाला इंग्रजी येत नाही. तू तर आठ चिठ्ठ्या लिहून दिल्यास, पाणी पाहिजे, दूध पाहिजे, मुलगी आजारी आहे, ज्याला दाखवायची त्याला दाखव म्हणून. मी ऐटीत सांगितलं, तीस वर्षं अंगणवाडी चालवली आहे, एका खोलीत अडतीस पोरं सांभाळली आहेत, एका पोरीला कोण घाबरतंय. आज कबूल करते, ती नुसती ऐट होती. अंगणवाडीतली पोरं एक वाजता आपापल्या घरी जातात.

विमान जागचं हलायलाच दीड तास लागला. पंखांवरचा बर्फ काढत होते. दोन वर्षं पूर्ण झालेली म्हणून रेवाला वेगळी सीट होती, आणि त्या सीटवर ती दरवाजाकडे तोंड करून बसली होती. कुणीही आत आलं की विचारायची, "आई गाडी लावली?" आठवतं ना, तुम्ही तिला काय सांगितलं होतं ते? आई गाडी लावून येते. मला ते तेव्हाच पटलं नव्हतं. जाते म्हणून सांग, रडू दे, मग जा, असं मी अंगणवाडीत कितीक आयांना बजावलं आहे, एकीलाही पोराची नजर चुकवून निसटू दिलं नाही. पण त्या दिवशी तुझा चेहरा बघितला आणि मी गप्प बसले. विमान उडालं, तासभर झाला, दोन तास झाले, तरी ही विचारतेच आहे. मी हो म्हणायची. कागदी कपांचे मनोरे केले, पाडले, पुन्हा केले. तू दिलेला खाऊ संपला. मधल्या वाटेने तिचा हात धरून इतक्या फेऱ्या मारल्या की लोक पाय आधीच आत घ्यायला लागले. फेरी संपली की पुन्हा तेच, "आई गाडी लावली?"

चौथ्या तासाला मला माझीच लाज वाटली. मी तिला मांडीवर घेतलं, तोंडाकडे तोंड केलं आणि सांगितलं, "नाय गो बाय. आई येत नाय. आई घरी गेली. आपण आबांकडे चाललोय." तिला सगळं समजलं. मग जी रडली, पूजा, ती अडीच तास रडली. अंग ताठ करून, पाय झाडून, आई आई करून. मी तिला गप्प केलं नाही. ताठ झालेल्या पोराला ओढायचं नसतं, नुसतं धरून राहायचं असतं, ते अजून हाताला ठाऊक आहे. विमानातल्या बाई दूध घेऊन आल्या, खेळणं घेऊन आल्या, मी मान हलवून नको म्हटलं. पुढच्या सीटवरचे कोटवाले गृहस्थ तिसऱ्यांदा मागे वळले आणि म्हणाले, "माताजी, बच्ची को चुप कराइए, लोगों को सोना है." मी म्हटलं, "भाईसाहब, बच्ची को माँ चाहिए. मेरे पास नहीं है. आपके पास हो तो दीजिए." तुझी चिठ्ठी काही लागली नाही.

रडून रडून तिला उलटी झाली, ती सगळी माझ्या साडीवर. आता मला बदलायला जायला तर हवं, आणि हिला ठेवू कुणाकडे? मी उठले, तिचं तोंड पुसलं आणि तिला सरळ त्या कोटवाल्यांच्या हातात दिलं. "पाँच मिनट पकडिए," म्हटलं आणि निघून गेले. त्यांना नाही म्हणायला वेळच मिळाला नाही. त्या कपाटाएवढ्या जागेत मी साडी फेडली. तू पिशवीत जबरदस्तीने कोंबलेली तुझी जुनी ट्रॅक पँट आणि छातीवर इंग्रजी लिहिलेला टी-शर्ट, ज्यावरून मी तुला घरी बोलले होते, ते घालून बाहेर आले. साठाव्या वर्षी, अशा वेशात, तीनशे लोकांसमोरून चालत आले आणि मला काही वाटलं नाही. तर ते गृहस्थ रेवाला खांद्यावर टाकून फेऱ्या मारत होते, कोटावर तिचा शेंबूड. माझ्याकडे देताना हळूच म्हणाले, "मेरी पोती भी इतनी ही है. वीडियो पर ही देखी है." मग पुढचा सगळा प्रवास ते एकदाही मागे वळले नाहीत.

त्यानंतर ती माझ्या उजव्या हातावर झोपली. जेवण आलं तेव्हा हात काढला असता तर ती उठली असती, म्हणून जेवण परत पाठवलं. नाश्त्याचंही तेच झालं. दिल्लीला सामान, रांगा, शिक्के, दुसरं विमान, यात खायचं राहून गेलं. मुंबईला साहिल दिसला, रेवाला त्याच्याकडे दिलं आणि माझे पाय गेले. एवढीच ती चक्कर. पनवेलच्या पुढे गाडी थांबवून मी दोन मिसळी खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, बीपी माझ्यापेक्षा चांगलं आहे तुमचं. तेव्हा आईचं हृदय, आईचं वय, आईला आता झेपत नाही, हे बंद करा.

आता इथलं सांगते. फोनवर मी तुला रोज एकच सांगत आले, बरी आहे, जेवली, खेळली. ते खोटं नव्हतं, पण सगळंही नव्हतं. सुरुवातीला रोज ती गॅलरीत उभी राहायची. रामवाडीवरून हायवेकडे जाणारे ट्रक दिसतात ना, प्रत्येक ट्रकला "बाबा, बाबा" म्हणून हात करायची. सुशीलराव आठवड्यातले पाच दिवस ट्रकवर, तेव्हा तिच्या हिशेबी प्रत्येक ट्रकात तिचा बाबा. कुठली बाई मोबाइलवर बोलत गेली की "आई" म्हणून हाक. संध्याकाळी दारात बसून रडायची, मी तिच्याजवळ बसायची. डिसेंबर असा गेला. जानेवारीत तिने ट्रककडे बघणं सोडलं. तेवढ्यातच दारात बसणंही सोडलं. शेजारणी म्हणायला लागल्या, रुळली गो तुमची नात, किती गुणाची. साहिल म्हणाला, बघ, पोरं पटकन विसरतात. एकट्या तुझ्या बाबांनी एकदा कारखान्यातून आल्यावर विचारलं, "ही रडत कशी नाय गो आताशी?"

मला ते दिसत होतं, पण मी बघत नव्हते. फेब्रुवारीत चार दिवस तिला रोह्याला घेऊन गेले, विहीणबाईंनी फार आग्रह केला होता म्हणून. त्यांनी तिचं सगळं केलं, मी त्यांना बोल लावत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांच्या अंगणातल्या पायरीवरून पडली. गुडघा फुटला, चांगलं रक्त आलं. आम्ही चौघं तिथेच होतो. ती उठली, आमच्याकडे एकेकाकडे बघितलं, फ्रॉक झटकला आणि पुन्हा खेळायला बसली. विहीणबाई कौतुकाने म्हणाल्या, "केवढी शाणी पोर हाय, टिपूस काढलं नाय डोल्यातून." अंगणवाडीत अशी पोरं मी पाहिली आहेत, पूजा. रडणाऱ्या पोराची मला कधी काळजी वाटली नाही, कारण त्याला खात्री असते की कुणीतरी येणार आहे. त्याच संध्याकाळी तुझा व्हिडिओ कॉल आला. विहीणबाईंनी शिकवलं होतं तसे तिने हात जोडले, तुला "नमस्ते" म्हणाली, फोन माझ्या हातात आणून दिला आणि निघून गेली. सगळे हसले. तूही हसलीस. पण तू तोंडावर हात ठेवला होतास आणि तो बराच वेळ काढला नाहीस, ते मी बघितलं.

आणि रविवारी तू म्हणालीस, ती तिथे छान रमली आहे, तर अजून दोन वर्षं राहू दे. परीक्षा होईल, नोकरी पक्की होईल, मग नेऊ. मी नको म्हटलं तर चिडलीस. म्हणालीस, "मलाही ठेवलं होतंस ना आजीकडे? काय झालं मला?" आणि फोन ठेवलास.

काय झालं ते सांगते. हे मी तुझ्या बाबांनाही कधी सांगितलेलं नाही. तू दोन वर्षांची होतीस. खाडीच्या पाण्याने बांध फोडला, शेतात आणि घरात खारं पाणी शिरलं. आम्ही शाळेच्या पडवीत राहत होतो. बाबा उरणच्या मिठागरांवर कामाला गेले, मला अंगणवाडीचं काम नुकतंच मिळालं होतं आणि त्याचं ट्रेनिंग होतं. तुला रोह्याला माझ्या आईकडे ठेवलं, दोन महिन्यांसाठी म्हणून. चौदा महिने झाले. सुरुवातीला यायचे तर तू पदर सोडायची नाहीस, मला परत निघवायचं नाही, म्हणून मी येणंच कमी केलं. शेवटी न्यायला आले तेव्हा तू अंगणात होतीस. आई म्हणाली, "बघ, कोण आलाय." तू माझ्याकडे बघितलंस, घरात गेलीस आणि दोन्ही हातांनी धरून पाण्याचा तांब्या घेऊन आलीस. पाहुणीला देतात तसा माझ्यापुढे ठेवलास आणि आजीच्या मागे जाऊन उभी राहिलीस. सगळ्यांनी तुझं कौतुक केलं. मी ते पाणी प्यायले. त्यानंतर तू माझ्याबरोबर निमूट आलीस, शहाण्यासारखी वाढलीस, पहिला नंबर काढलास, नर्सिंगला गेलीस. पण ताप आला तरी तू मला कधी उठवलं नाहीस. तुझं पहिलं मूल पोटातच गेलं ते मला आठ दिवसांनी मेसेजवर कळलं, आणि त्या मेसेजमध्ये लिहिलं होतंस, काळजी करू नको. तीस वर्षं मी दुसऱ्यांची पोरं जवळ घेतली, आणि माझी पोर माझ्याशी पाहुणीसारखं नीट वागते. हे झालं तुला. तुझी चूक नाही, तेव्हा माझाही इलाज नव्हता. आता आहे.

म्हणून हे लिहिलं. बावीस तारखेचं तिकीट साहिलकडून काढून घेतलं आहे, माझं आणि रेवाचं. माझा व्हिसा चालू आहे. रेवाला मी एकटी आणणार म्हणून लागतो तो संमतीचा कागद सुशीलरावांकडून मागवला, त्यांनी "का" म्हणून एका शब्दाने विचारलं नाही. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही, आणि आता रद्दही करणार नाही. मी सहा महिने राहीन, तू परीक्षा दे. पुढे तिला तिथल्या पाळणाघरात ठेवशील, ती रोज सकाळी दारात भोकाड पसरील, पसरू दे. चौदा तास मला झेपतात, या वेळी जेवून घेईन. फक्त एक सांगते ते ऐक. विमानतळावर ती तुझ्याकडे येणार नाही. माझ्यामागे लपेल, कदाचित हात जोडून नमस्ते म्हणेल. तुला रडू येईल, ये म्हणून तिला ओढावंसं वाटेल. ओढू नकोस. लोक बघत असले तरी तिथेच जमिनीवर तिच्याएवढी होऊन बस, आणि कितीही वेळ लागला तरी उठू नकोस. मी त्या दिवशी तुझ्या आजीच्या अंगणात उभीच राहिले होते.

तुझीच,
आई