निवडणाऱ्याने शेवटी वाचायचं

३ नोव्हेंबर
आम्हा तिघांत फिरणारी पुस्तकांची थैली या महिन्यात भरायची पाळी माझी. चार पुस्तकं, चार तऱ्हांची: कादंबरी, कविता, शेती नाहीतर विज्ञान, आणि एक आत्मकथन. निवडणाऱ्याने आधी वाचायचं नाही, चाळायचंसुद्धा नाही, हा आमचा नियम. नाहीतर मी बारा महिने कादंबऱ्या निवडीन आणि मोहगावचे दिनकरभाऊ बारा महिने संत्र्यांवरचे रोग. निवडणाऱ्याने वाचायचंही सगळ्यात शेवटी.

तीन मिळाली होती, आत्मकथन अडलं होतं. आज सौसरला बसस्टँडजवळच्या दुकानात एक बारीकसं सापडलं. लेखकाने स्वतःच छापलेलं. कोणी गौतम म्हणून आहेत, लोधीखेड्याचे. आपल्याच भागातला माणूस! शेवटचं पान कोरं आहे एवढंच पाहिलं, कारण तिथे प्रत्येकाने पेन्सिलीने एकेक ओळ लिहायची असते. निवड झकास जमली. स्वतःवर खूश.

१२ नोव्हेंबर
दि.भाऊंनी चारही वाचून थैली सुनंदाकडे सौसरला पाठवली. फोनवर घुटमळत म्हणाले, "ताई, ते आत्मकथन राहू द्या तुम्ही. काही दम नाही त्याच्यात."
आपलं मत शेवटच्या पानावरच लिहायचं, तोंडी सांगायचं नाही, हे तेच आम्हाला शिकवतात! चांगली खरडपट्टी काढली त्यांची. हसले नाहीत. संत्र्याच्या तोडणीचं टेन्शन असेल.

२१ नोव्हेंबर
थैली आली, एकदाची. सुनंदाने कंडक्टरच्या हाती दिली होती. एरवी नगरपालिकेतून सुटली की पुस्तकागणिक फोन करते, भांडते. या वेळी एकही फोन नाही. मीच केला तर म्हणाली, "कामात आहो ताई." बरं बाई.

२२ नोव्हेंबर
जेवणानंतर नेहमीप्रमाणे बाबूजींना, माझ्या वडिलांना, वाचून दाखवायला बसले. अठ्ठ्याऐंशीचे आहेत, डोळे पार गेले, पण कान असे तिखट की मी एक ओळ गाळली तरी पकडतात. आत्मकथन बारीक म्हणून तेच आधी घेतलं.

गाव ओळखीचं निघालं. आमचंच. बाबूजी म्हणाले, "अरे वा!" शाळा तीच, दारातला कडुलिंब तोच, पुस्तकांचं कपाट तेच. डाव्या हाताने फळ्यावर लिहिणारे गुरुजी. मी हसून म्हटलं, बाबूजी, तुम्ही पुस्तकात आलात! आणि त्याच सुरात पुढे वाचत गेले. अर्धं पान. थांबायला हवं होतं, पण तोंड चालूच राहिलं.

कपाट पुसायचं काम या पोराकडे. पुस्तक घरी न्यायची परवानगी मात्र इतरांना, त्याला नाही. एक दिवस ताऱ्यांचं निळं पुस्तक हरवलं. गुरुजींनी विचारलं नाही, शोधलं नाही. याला उभं केलं आणि पट्टी उभी धरून मारलं, बोटांच्या सांध्यांवर. "तुमच्या घरी पुस्तकाचं काय काम," म्हणाले. तो पुन्हा शाळेत गेलाच नाही. चार वर्षं ढोरं राखली.

तिथे पुस्तक मिटलं मी. बाबूजी म्हणाले, "थांबली काहून? वाच."
घसा बसला म्हणून उठले. भांडी घासत बसले, घासलेलीच.

२२ नोव्हेंबर, संध्याकाळ
ते निळं पुस्तक मीच नेलं होतं.
गुरुजींची पोरगी, मला कोण विचारणार? वहीत नाव न लिहिता कपाटातून उचलायची. सप्तर्षींचं चित्र होतं त्यात, मी तेलकट कागद ठेवून गिरवलं होतं. पान न् पान आठवतं. आणि तो मुलगा आठवत नाही. एका वर्गात होतो, त्या दिवशी मी तिथेच असणार. पट्टीचा आवाज ऐकला असणार. काहीच आठवत नाही. याचाच धक्का जास्त बसला आहे. चाळीस वर्षं पोरांना शिकवलं मी, खोटं बोलू नका म्हणून.

२३ नोव्हेंबर
शेवटचं पान आज पाहिलं.
दि.भाऊ: "मी त्याच शाळेत दोन वर्षं मागे शिकत होतो. मला हे कधी कळलं नाही."
सुनंदा: "माझ्या आजोबांनीही ढोरं राखली. वाचताना दोनदा पुस्तक मिटवलं."
म्हणजे दोघांना माहीत होतं. आणि मी आपली तीन आठवडे निवडीचं कौतुक करत फिरत होते.

सुनंदाला फोन केला. म्हणाली, "ताई, बाबूजींबद्दल वाचून राग आला, खोटं कायले बोलू? कपाटाची गोष्ट तुम्ही किती कौतुकानं सांगत होत्या. थैली पाठवू का नाही, दोन दिवस विचार केला. पण तुमचा त्याच्यात काय दोष?"
मी हूं म्हटलं. नुसतं हूं! सांगायची वेळ तीच होती, आणि मी फोन ठेवला.

२५ नोव्हेंबर
बाबूजींना तीन दिवस कविता वाचून दाखवल्या. आज म्हणाले, "कविता बंद कर. ते वाच, अर्धं राहिलं ते."
वाचलं सगळं, शेवटापर्यंत. पुढे तो माणूस परत शिकला, पोस्टात लागला, पोरी शिकवल्या. गुरुजींना शिवी नाही कुठे. एक ओळ अशी की पुढे घरात पुस्तकं झाली, पण ताऱ्यांचं एकही घेतलं नाही.

मी म्हटलं, बाबूजी, ते पुस्तक...
"तुझ्या गोधडीखाली होतं," ते म्हणाले. "तिसऱ्या दिवशी सापडलं मले."
मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. विचारलं, मग?
"मग काय? गुरुजी होतो मी. पोराच्या घरी जाऊन काय सांगू, माह्याच पोरीनं नेलं म्हणून?"
तुम्ही मलाही काही बोलला नाहीत.
"तुले काय बोलू? परत ठेवून दिलं कपाटात."

बापावर ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी ऐकून घेतलं. मग भिंतीकडे तोंड करून निजले. मी इतकी का ओरडले? मी तर त्यांच्याही आधीपासून गप्प होते.

२६ नोव्हेंबर
दोघंही जेवलो नाही धड.
सकाळी बाबूजी चाचपडत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले. "मास्तर कुठं राहते तो?" मी म्हटलं, ते मास्तर नव्हते बाबूजी, पोस्टात होते. मास्तर व्हायची इच्छा होती असं लिहिलंय. "लोधीखेडा न? बस जाते तिकडं."


२८ नोव्हेंबर
आधी सुनंदाला सांगितलं, सगळं. गोधडीपर्यंत. ती म्हणाली, "फोन ठेवतो ताई." बस, एवढंच. मागाहून फोन आला नाही. वाट पाहिली. पुढच्या आठवड्यात आम्हा तिघांची बैठक तिच्याच घरी आहे. होईल की नाही, माहीत नाही. डिसेंबरची पुस्तकं निवडायची पाळी तिची.

मग पुस्तकामागे नंबर होता तो लावला.
"हाव, बोला."
माझं नाव सांगितलं. मग बाबूजींचं. तिकडे कोणीतरी रेडिओ बंद केला.
"आहेत गुरुजी?"
आहेत. दिसत नाही त्यांना. तुमचं पुस्तक मी वाचून दाखवलं.
"पूर्ण?"
पूर्ण.
मी म्हटलं, रविवारी आम्ही दोघं आलो तर चालेल?
"रविवारी घरीच असतो मी," म्हणाले. या म्हणाले नाहीत. येऊ नका म्हणाले नाहीत.
मी नेलं होतं, हे फोनवर सांगायचं नाही असं मनाशी ठरवलं होतं. तोंडासमोर सांगायचं. आता वाटतं, ही पुन्हा पळवाट तर नाही?

३० नोव्हेंबर, शनिवार
बाबूजींनी पांढरा सदरा इस्त्री करून ठेवायला लावला. सकाळपासून तीनदा विचारलं, बस कितीची. मधेच म्हणाले, "त्यानं दारातच उभं ठेवलं तर?" मग उभे राहू, म्हटलं.

थैलीतून पुस्तक काढून शेवटचं पान उघडलं. दोघांच्या ओळींखाली जागा माझी. पेन्सिल खोडता येते म्हणून पेन घेतलं. लिहिलं: "ताऱ्यांचं पुस्तक मी नेलं होतं. वंदना." खाली गावाचं नाव.
सुनंदाचा फोन अजून नाही. सकाळची बस साडेसातची आहे.