रोजचं तांब्याभर पाणी

२ जून

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

काल आईला डायलिसिसला नेताना गाडी पुलावर उकळली. नापास होणारी मुलं फळ्याकडे पाहतात तसा मी वाफेकडे पाहत राहिलो. आई तासभर कठड्याला टेकून उभी. पोहोचेपर्यंत तिची निम्मी वेळ निघून गेली. चारऐवजी दोनच तास मशीन मिळालं. येताना टॅक्सीत तिला ओकाऱ्या झाल्या. घरी आल्यावर शांतपणे म्हणाली, की दोन आठवडे टॅक्सीने येईन; तोवर बाबांची गाडी सुरू झाली तर ठीक, नाहीतर डायलिसिस पुरे झालं. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

कूलंटच्या टाकीत तपकिरी गाळ आहे. कोपऱ्यावरचा मेकॅनिक इंजिन उतरवायचं म्हणतो, महिना लागेल. तू बसडेपोत रोज इंजिनं सोडवतेस, तूच सांग.

आशीर्वाद आहेतच, सवडीने घ्यावेत.

दादा

५ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी ऑइलची पट्टी ओढून पाहा. तेल दुधाळ असेल तर त्यात पाणी शिरलंय, मेकॅनिक खरा. नसेल तर इंजिन उतरवायचं कारण नाही. गाडी पूर्ण गार झाल्याशिवाय झाकणाला हात लावू नकोस, विद्वानांनाही भाजतं. खालचा पाइप सोडवून टाकीतलं सगळं बाहेर काढ, साधं पाणी भर, हीटर लावून इंजिन चालव, गार होऊ दे, पुन्हा काढ. पाणी नितळ येईपर्यंत हेच. मग एकाच जातीचं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर.

नळाच्या पाण्याने आत क्षार धरतात, गंज चढतो. दोन जातींची कूलंट मिसळली तर लगदा होतो. आता खरं सांग, कुणी काय ओतलं?

आईला नमस्कार, तुला निम्मा.

ठमी

९ जून

चि. ठमीस,
आशीर्वाद.

तेल स्वच्छ निघालं. सहा वेळा टाकी उपसली. सातव्यांदा पाणी नितळ आलं आणि माझी कंबर गेली.

गुन्हेगार दोन. हिरव्या कूलंटवर गुलाबी ओतलं ते मी. दोन्ही थंडच करतात, असा माझा तर्क होता. दुसरी आई. बाबा त्यांच्या पहिल्या गाडीला रोज सकाळी पाणी घालत. ते गेल्यापासून आई या गाडीला घालते, नळाचं, तांब्यातून, बसेल तेवढं. खालचा पाइप झिरपत होता, म्हणून रोज थोडं बसायचंही. गळती तिच्या निष्ठेने झाकून ठेवली होती. पाइप बदलला.

गाडी बरी आहे. पण तिच्या हातातून तांब्या कसा काढून घेऊ? डायलिसिसमुळे स्वतः घोट मोजून पिणारी बाई गाडीला पोटभर पाजते. बाकी दिवसभर आम्हीच तिचं करतो. तिने कुणाचं करावं असं एवढंच उरलंय.

थकलो आहे. लोभ राहू दे.

दादा

१२ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काढून घेऊ नकोस. बॉनेटखाली काच धुण्याच्या पाण्याची बाटली आहे, झाकणावर वायपरचं चित्र. तिच्यात नळाचं पाणी चालतं. आईला ती दाखव. आणि खरं काय ते सांग. खोटं तुला कधी जमलेलं नाही.

कंबर शेक.

ठमी

१५ जून

चि. ठमीस,
आशीर्वाद.

खोटंच बोललो. म्हटलं, दुरुस्तीत इंजिनच्या पाण्याचं तोंड इकडे हलवलंय. आईने चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तांब्या ओतला.

आज गाडीतून निघालो. पूल चढताना मी तापमानाच्या काट्याला चिकटलो होतो. तो मध्यावरून हलला नाही. उतारावर पुढच्या ट्रकने काचभर चिखल उडवला. मी वायपरची दांडी शोधतोय तोवर आईने बाजूच्या सीटवरून हात लांबवून ती ओढली. काचेवर पाणी फवारलं, वायपर फिरला, रस्ता दिसू लागला.

"ह्यांना घाण काच चालायची नाही," ती म्हणाली.

दवाखान्याच्या फाटकाशी उतरताना तिने विचारलं, की गुरुवारी किती वाजता निघायचं. त्याआधी तिला बाटली भरायची असते.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.

दादा